जांभळा रंग जाईपर्यंत

१

चोरी झाली होती, पण कपाटाचं कुलूप शाबूत, बाटली जागेवर, आतली पावडर काठोकाठ. गेला होता तो फक्त तिच्यातला गुण! आता अशा चोरीचा माग काढायचा तरी कसा?

मावशी दुपारी शिवणयंत्राला तेल घालत बसल्या होत्या तेव्हा भाचीचा फोन आला. आधी नुसतं हुंदके देणं, मग "मावशी, तू ये ना," आणि पुन्हा हुंदके. मावशींनी तेलाचे हात साबणानं धुतले, चष्मा बदलला आणि निघाल्या. सरकारी तपासणी प्रयोगशाळेत विषं शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जुने सहकारी त्यांचं नाव काढलं की आजही खुर्चीत सरळ बसतात. त्यांचा एक नियम होता, नात्यातल्या कुणाचं प्रकरण हातात घ्यायचं नाही. तो आज त्या मोडायला निघाल्या होत्या आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

भाचीला घरीदारी सगळे बिट्टी म्हणत. लग्नाच्या वयाची झाली तरी बिट्टीच. ती एका औषधी कारखान्याच्या संशोधन विभागात होती. तिथे रुसवीच्या पानांचा अर्क काढायचं काम चाले. रुसवी म्हणजे डोंगरउतारावरचं काटेरी झुडूप, पानं उन्हात धरली की मिटून बसतं म्हणून हे नाव. तिची पानं सावलीत वाळवायची, दळायची, स्पिरिटमध्ये भिजत घालायची, गाळायची, मग फिरत्या चंबूत मंद आचेवर स्पिरिट उडवून टाकायचं. शेवटी उरते ती हिरवट-तपकिरी पावडर. पेशींना गंज चढतो म्हणा ना, तो रोखायची ताकद त्या पावडरीत आहे असा विभागप्रमुखांचा, म्हणजे बिट्टीच्या सरांचा, दावा होता, आणि त्या दाव्यावर सरांनी उभं आयुष्य घातलं होतं.

कारखान्याच्या दारातच बिट्टी उभी होती. डोळे सुजलेले, अंगावर अजून पांढरा कोट.

"काय झालं ते नीट सांग. रडायचं नंतर," मावशी म्हणाल्या.

"मोठ्या कंपनीचे पाहुणे आलेत. त्यांना अर्क पसंत पडला तर विभाग चालणार, नाहीतर बंद. सकाळी त्यांच्यासमोर सीलबंद बाटली फोडली. तपासणीच्या जांभळ्या पाण्यात अर्क घातला की रंग जाऊन पिवळा व्हायला पाहिजे. मावशी, झालाच नाही! जांभळा तो जांभळाच! सर म्हणाले, बाटलीतला माल बदललाय. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते."

"तू समोर होतीस?"

"बाटली मीच फोडली. अर्क विरघळवून सरांच्या हातात दिला. मग त्यांनी मला खाली गोदामातून स्पिरिटचा कॅन आणायला पाठवलं. परत आले तर सगळं संपलेलं. बाईसाहेब माझ्याकडे अशा बघत होत्या, अशा..." तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"आणि आता?"

"पाहुणे संध्याकाळी निघणार आहेत. ते निघाले की पोलिसांना बोलावणार. अर्क मी दुसऱ्या कंपनीला विकला म्हणतात. मावशी, माझी अब्रू जाईल, नोकरी जाईल. पण त्याहून, सरांनी माझी बाजू घेतली नाही गं. सरांनी!"

मावशींनी तिचा खांदा दाबला. मनात मात्र त्या म्हणाल्या, आधी हिनंच केलं नाही ना ते बघायला हवं. हा विचार आला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

२

कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे बाईसाहेब म्हणत. बाई तोडून बोलणाऱ्या, पण अन्याय करणाऱ्यातल्या नव्हत्या.

"तुमचं नाव ऐकून आहे म्हणून वेळ देते," त्या म्हणाल्या. "पाहुणे खाली कारखाना बघतायत. ते निघेपर्यंत माल सापडला तर ठीक. भाचीला पाठीशी घालायला आला असाल तर जिना तिकडे आहे."

"चोर भाची असली तर मीच तिला तुमच्यासमोर उभी करीन," मावशी म्हणाल्या. "बाटली कुठे आहे?"

"माझ्या टेबलाच्या खणात. कुलपात. सर म्हणत होते टाकून द्या, आता काय उपयोग! म्हटलं, टाकून कसं चालेल? पोलीस काय माझा चेहरा बघणार?"

मावशींनी मान डोलावली आणि प्रयोगशाळेत गेल्या.

खोली लांबोडकी होती. एका भिंतीला दगडी ओटा, त्यावर फिरता चंबू. कोपऱ्यात थंड कपाट, म्हणजे कुलूप लावलेला फ्रीजच. खिडकीखाली एक लाकडी टेबल होतं, त्याला रुंद खण आणि वर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं उमटलेली, एकात एक गुंतलेली. प्रयोगशाळेत चहा! मावशींच्या नोकरीत असं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला बाहेर काढलं असतं.

"इथे बसून चहा पिता?" त्यांनी विचारलं.

"पीत नाही गं, उष्टे कप आणून ठेवतो," बिट्टी ओशाळली. "नळ्यांना उजेड चालत नाही. मिसळल्या की या खणात ठेवायच्या आणि चहाला जायचं. सरांचा नियमच आहे तसा."

मावशी हं म्हणाल्या आणि थंड कपाटाकडे वळल्या. खालच्या कप्प्यात कोपऱ्यात, अर्काच्या रिकाम्या बाटल्यांच्या मागे, एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. त्यांनी तो उघडला. आत बिस्किटं नव्हती. कापसात गुंडाळलेल्या दोन चिमुकल्या काचेच्या कुप्या होत्या.

"हे तुझं?"

बिट्टीनं आश्चर्यानं मान हलवली. "मी तर हा डबा पहिल्यांदा बघतेय."

म्हणजे या कपाटाला दुसरी किल्ली होती.

३

बाईसाहेबांचे धाकटे भाऊ विक्रीचं बघत. त्यांना सगळा कारखाना धाकटे म्हणूनच ओळखे. गोरेगोमटे, सुटलेलं पोट, तोंडात सदा गोड बोलणं. मावशींनी त्यांच्यासमोर डबा ठेवला आणि धाकट्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दार लावा आधी," ते कुजबुजले. "ताईला कळता कामा नये."

"काय कळता कामा नये?"

"इन्शुलिन आहे हो ते! साखर वाढलीय माझी. ताईला कळलं तर ती मला उद्यापासून घरी बसवेल. वडील याच दुखण्यानं गेले, तेव्हापासून तिचा जीव एवढासा आहे. घरातल्या फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही, खालच्या ऑफिसात सतरा जण डोकावतात. म्हणून इथे ठेवलं. किल्लीची नक्कल करून घेतली, चुकलं माझं."

मावशींनी कुपीवरची चिठ्ठी वाचली. खरोखर इन्शुलिनच होतं. माणूस चोरटा होता, पण तेवढ्यापुरताच दिसत होता.

"बिट्टी म्हणाली, तुम्हाला हा विभाग बंद व्हायला हवा होता?"

"हवा होता, खोटं कशाला बोलू! नुसता खर्च आहे. पण महिन्यापूर्वी हेच पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा मी स्वतः हजर होतो. सरांनी नळीत अर्क घातला आणि काय सांगू, टाळी वाजवेपर्यंत रंग गायब! जांभळं होतं ते क्षणात पिवळं! पाहुण्यांच्या तोंडाचा आ झाला, माझाही झाला. त्या दिवसापासून मी या झुडपाचा भक्त झालो. मी कशाला चोरू?"

"आणि आज?"

"आज जांभळं ते जांभळं. पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. सर बिचारे पांढरेफटक पडले. म्हणाले, बाटली बदललीय. मग गेले बेसिनकडे आणि त्या नळ्या स्वतः धुऊन टाकल्या. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही."

मावशी जिन्यावरून वर येताना थांबल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं. एक मात्र बरं झालं, किल्ली एकट्या बिट्टीकडे नव्हती.

हा दिलासा जेमतेम जिना चढेपर्यंत टिकला.

प्रयोगशाळेच्या कचऱ्याच्या डब्यात मावशींना बाटलीच्या झाकणावरची सीलपट्टी सापडली. ताणून गुंडाळायची मेणचट पट्टी, सोलून काढली तरी झाकणाचा आकार धरून होती. सगळे गुंडाळतात त्याच्या उलट्या दिशेनं ती गुंडाळलेली होती. आणि शेवटाला एक चिमुकला कान दुमडलेला, ओढायला सोपं जावं म्हणून.

बिट्टी डावखुरी होती. आणि वह्यांना कव्हरं घालताना चिकटपट्टीचा असा कान दुमडायला तिला मावशींनीच शिकवलं होतं.

"बिट्टी, सकाळी फोडलीस ती पट्टी अशीच होती? धड?"

"हो. सगळ्यांनी बघितलं. पाहुण्यांनी हात लावून बघितलं."

पट्टी बिट्टीची, कुणीही न उघडलेली. मग धाकट्यांच्या किल्लीला काय चाटायचंय? बाटलीत जे काही होतं ते बिट्टीनंच भरलं होतं. ज्या पट्टीनं पोरीला सोडवायचं, तिनंच तिच्या गळ्याभोवती फास आवळला होता.

४

विभागात उरल्या त्या एक बाई. यंत्रावर मोजणी करायचं त्यांचं काम. बरणीचं लेबल जरा तिरकं लागलं तरी त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांचं नाव काटेकोरबाई पडलं होतं. त्या खालच्या मोजणीच्या खोलीत होत्या, आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच बसल्या होत्या.

"तुमची भाची आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण हलगर्जीच आहे ती. ही बरणी बघा."

बरणीवर व्हिटॅमिन सी असं लिहिलेलं होतं. आतली पावडर पिवळट पडून तिचा गोळा झाला होता.

"हे कशाला लागतं?"

"तुलनेला. अर्काची ताकद मोजायची तर कशाशी तरी ताडून बघायला नको? व्हिटॅमिन सी म्हणजे या बाबतीत पैलवान. जांभळ्या पाण्यात पडायचा अवकाश, रंग साफ. पण हवा लागली की खलास. मी झाकण आवळून ठेवलं होतं. भावाच्या घरी दोन दिवस गेले, परत येऊन बघते तर झाकण सैल, माल वाया! बिट्टीला विचारलं तर कानावर हात."

"हे कधीचं?"

"पाहुणे पहिल्यांदा येऊन गेले ना, त्याच आठवड्यातलं."

मावशींनी बरणी टेबलावर ठेवली. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पाहुणे पहिल्यांदा आले त्या दोन दिवसांत बिट्टीही कारखान्यात नव्हती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती घरी होती, आणि दवाखान्यातल्या बाकावर तिच्या शेजारी मावशीच बसल्या होत्या.

"रुसवीला किती वेळ लागतो हो, रंग घालवायला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रुसवी ती! नावासारखीच. आरामात. पण एकदा लागली कामाला की सोडत नाही."

"आज सकाळी तुम्ही वर होतात?"

"छे! पाहुणे असले की आम्हाला कोण विचारतं? सरच करतात सगळं. नळ्या धुवायला म्हणून नंतर गेले, तर धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या. मला वाटलं आज सूर्य पश्चिमेला उगवला. अहो, त्या माणसानं इतक्या वर्षांत स्वतःचा कप विसळला नाही!"

मावशी उठल्या. आता एकाच माणसाशी बोलायचं राहिलं होतं, आणि तेच त्यांना नको वाटत होतं, कारण बिट्टीला घडवलं होतं ते त्याच माणसानं.

५

सर वर प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभे होते. बारीक अंगाचे, केस पांढरे, कोटाच्या खिशाला शाईचा जुना डाग. मावशींनी त्यांच्याबद्दल बिट्टीच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की जुनी ओळख असल्यासारखंच वाटलं. सर असं म्हणतात, सर तसं करतात, माझा पहिला पगार व्हायच्या आधीच सरांनी मला चष्म्याची फ्रेम घेऊन दिली. घरात थट्टा चालायची, हिचं लग्न झालं तर मंगलाष्टकंसुद्धा सरच म्हणतील.

"तुमच्या भाचीबद्दल मला फार वाईट वाटतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेलेला होता. "हुशार पोरगी. मोहात पडली असेल."

"तुम्ही तिला ओळखता. मोहात पडणाऱ्यातली आहे ती?"

सरांनी खिडकीची कडी उगाचच लावली आणि काढली.

"एक विचारू? सकाळी तिला स्पिरिटचा कॅन आणायला पाठवलंत. ओट्याखाली भरलेला कॅन आहे."

"लक्षात आलं नाही."

"आणि नळ्या धुतल्यात."

"सवयीनं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली आवारात पाहुण्यांची गाडी धुऊन उभी केलेली होती. "बाई, तुम्ही कधी कुणाला आपलं काम दाखवलंय? म्हणजे ज्याला त्यातलं काही कळत नाही अशाला? तो घड्याळ बघतो. आपण बोलत असतो आणि तो घड्याळ बघत असतो. याआधी तीन कंपन्या येऊन गेल्या. चहा येण्याआधी उठल्या."

बोलून गेल्यावर सरांनी ओठ मिटून घेतले.

मावशी बाहेर आल्या. जिन्यात बिट्टी बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, लहानपणी रुसली की बसायची तशीच.

"एकच सांग," मावशी म्हणाल्या. "गोदामातून कॅन घेऊन परत यायला तुला किती वेळ लागला?"

"लगेच तर आले. खालीवर केलं, बस्स."

"चहा गार झाला असता तेवढ्यात?"

"नाही गं, तेवढ्यात कुठला..." बिट्टी थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "पण मावशी, सर म्हणाले रंग गेला नाही. सर म्हणाले!"

"म्हणून तू विचारलंही नाहीस."

"सरांना काय विचारायचं?" बिट्टी म्हणाली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मावशींना बघवेना.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मावशी जवळजवळ पळतच बाईसाहेबांच्या खोलीकडे गेल्या.

६

"पाहुण्यांना वर बोलवा," त्या दारातूनच म्हणाल्या. "आणि तुमच्या खणातली बाटली घेऊन या. चोर दाखवते."

पाहुणे दोघे होते, एक जाडे आणि एक चष्मेवाले, आणि दोघेही कंटाळलेले. बाईसाहेब, धाकटे, काटेकोरबाई, सर, सगळे त्या लाकडी टेबलाभोवती उभे राहिले. बाईसाहेबांनी बाटली स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवली.

"सकाळपासून हिला कुणी हात लावला?"

"कुणाची छाती आहे?" बाईसाहेब म्हणाल्या.

"बिट्टी, सकाळी केलंस तसंच कर."

बिट्टीनं चिमूटभर पावडर तोलली, विरघळवली. नळीतल्या जांभळ्या पाण्यात अर्काचे थेंब सोडले. सगळ्यांनी माना पुढे केल्या. पाणी जांभळंच राहिलं.

"हेच सकाळी बघितलं आम्ही," जाडे पाहुणे म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "महिन्यापूर्वी आम्ही पाहिलेला माल हा नव्हे."

"अगदी बरोबर बोललात," मावशी म्हणाल्या. त्यांनी नळी खणात ठेवली, खण लावला आणि वळल्या. "बाईसाहेब, सगळ्यांना चहा सांगा."

"आत्ता? चहा?"

"आत्ताच."

चहा आला. सरांनी कप उचलला नाही. मावशींनी मात्र बशीत ओतून सावकाश फुंकर घातली, आणि बोलायला लागल्या.

"मी आधी चोर शोधत होते. कपाटाला दुसरी किल्ली आहे, पण ती ज्याची त्याचं कारण वेगळं आहे आणि ते त्यानं आपल्या ताईला आजच सांगावं." धाकट्यांना ठसका लागला. "पण किल्लीचा प्रश्नच नाही. बाटलीवरची पट्टी भाचीनं लावलेली, शेवटपर्यंत न उघडलेली. म्हणजे दोनच गोष्टी संभवतात. एक तर माझी भाची चोर, नाहीतर चोरीच झालेली नाही."

"रंग गेला नाही, आणि चोरी नाही?" बाईसाहेबांचा आवाज चढला.

"किती वेळ बघितलात रंग? तुम्ही सांगा, धाकटे."

"किती म्हणजे... लगेच कळलं ना. मागच्या वेळी टाळी वाजवेपर्यंत गेला होता."

"मागच्या वेळी. तिथेच तर सगळी मेख आहे. काटेकोरबाई, टाळी वाजवेपर्यंत रंग कशानं जातो?"

"व्हिटॅमिन सीनं," काटेकोरबाई पटकन म्हणाल्या आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! माझी बरणी!"

"त्या आठवड्यात बरणीचं झाकण कुणी तरी घाईत सैल ठेवलं. बिट्टीनं नव्हे, ती माझ्या शेजारी दवाखान्यात होती. तुम्हीही गावाला होतात. तेव्हा पाहुण्यांसमोर जी जादू झाली ती रुसवीची नव्हती. चिमूटभर व्हिटॅमिन सी, लिंबात असतं ते. आणि आज ते घालायला संधी मिळाली नाही. बिट्टीला उगाचच कॅन आणायला पाठवलं, पण बाईसाहेब, तुम्ही अगदी शेजारी उभ्या होतात."

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. सर टेबलाची कड धरून उभे होते.

"हे तुमचे तर्क आहेत," ते म्हणाले. "बाटली बदललेली आहे. मी सांगतोय ना."

"हो, आता पुरावा काय?" चष्मेवाले पाहुणे म्हणाले. "अर्कात खोट आहे एवढंच दिसतंय. आम्हाला उशीर होतोय." आणि धाकट्यांना वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. त्यांनी कप खाली ठेवला आणि खणाच्या मुठीला हात घातला.

"थांबा!" सर ओरडले. "इतक्यात उघडू नका!"

धाकट्यांचा हात मुठीवर तसाच राहिला. सरांनाही आपला आवाज ऐकू आला असावा, कारण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

मावशींनी बशी खाली ठेवली. त्यांच्या आवाजात आता धार नव्हती. "का उघडू नये, सर? बाटली तर बदललेली आहे. मग कशाची वाट बघायची?"

सर हळूच स्टुलावर बसले.

"चहा संपू द्या," मावशी म्हणाल्या.

सगळे चहा प्यायले. पाहुणेसुद्धा. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. मग मावशींनी बिट्टीला खूण केली आणि तिनं खण ओढला.

नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं होतं, जांभळ्याचा मागमूस नव्हता.

चष्मेवाल्या पाहुण्यांनी नळी उजेडात धरली, खालीवर केली. "हा तोच अर्क?"

"तोच," काटेकोरबाई म्हणाल्या. "आणि आता हे पाणी यंत्रात घालून मोजते, मग बोला."

त्या नळी घेऊन खाली गेल्या. पाहुणे त्यांच्या पाठोपाठ गेले, आणि धाकटे त्यांच्या. बाईसाहेब मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"म्हणजे अर्क चांगला होता," त्या सरांना म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून चांगला होता. तुम्ही नुसतं थांबा म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"कोण थांबतं, बाईसाहेब?" सर म्हणाले. "तीन वेळा बघितलं मी. महिन्यापूर्वी वाटलं, एकदाच. एकदा त्यांचं लक्ष वेधून घेऊ, पुढे अर्क आपलं काम करून दाखवेलच. खोटं त्यात काहीच नव्हतं, फक्त लवकर होतं. आज सकाळी थांबा म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मागच्या वेळी का नाही थांबावं लागलं? म्हणून तर नळ्या लगेच धुऊन टाकल्या."

"आणि म्हणून पोरीचा बळी दिलात," मावशी म्हणाल्या.

"तोंडातून निघून गेलं. बाटली बदललीय, एवढंच म्हणालो. तिचं नाव नंतर आलं. आणि आल्यावर..." त्यांनी हातांनी चेहरा झाकला. "आल्यावर मी गप्प बसलो."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "उद्यापासून विभाग कोण बघणार ते मी पाहुण्यांशी बोलून सांगते," त्या म्हणाल्या, बिट्टीच्या डोक्यावरून ओझरता हात फिरवला आणि निघून गेल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, मावशींनी तेवढ्यातच ती मानून घेतली.

सर उठले. कोट काढून खुंटीला अडकवायला गेले, मग तो हातातच ठेवला. दारापाशी पोचले तेव्हा बिट्टीनं हाक मारली.

"सर."

ते थांबले, पण वळले नाहीत.

"मी आले त्या पहिल्या दिवशी मला धीर निघत नव्हता. मी सारखा खण उघडून बघत होते. तुम्ही माझा हात धरून मला खाली चहाला नेलंत. म्हणालात, बाळ, आपण बघत बसलो म्हणून तिचा रंग लवकर जायचा नाही, ती तिच्या वेळेनं करते, आपण फक्त तिच्यावर विश्वास ठेवायचा." बिट्टीनं उघडा खण लावून टाकला. "तुम्ही माझ्यावर तेवढा वेळसुद्धा विश्वास ठेवला नाहीत, सर."

सर बाहेर पडले. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाताना ऐकू येत होती, आणि मध्येच एकदा थांबली.

मावशींनी टेबलावरचे कप गोळा केले. शेवटचा एक भरलेलाच होता, साय धरलेला. त्यांनी तो बेसिनमध्ये ओतला आणि विसळून पालथा घातला. बिट्टी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पुसायला फडकं मागू लागली.